देवाला सारे दिले, तर माझे काय उरले?



“प्रभो, माझे हृदय तुला वाहतो,” असे आपण प्रार्थनेत सहज म्हणतो. पण मनात एक शंका दबा धरून बसलेली असते : सारेच देऊन टाकले, तर माझे काय उरणार? माझे स्वातंत्र्य कुठे राहणार?

संत इग्नेशियस लोयोला यांचे उदाहरण पाहू. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड जुळले, पण त्याचा एक तुकडा बेढब वर आला. तंग, रुबाबदार बूट घालता यावेत म्हणून त्यांनी ते हाड कापून घेतले, तेही भुलीचे औषध नसलेल्या काळात! त्यांचे हृदय तेव्हा स्वतंत्र नव्हते. ते बुटांचे गुलाम होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचली आणि मन पालटले. १५२२ साली मोंसेरात येथे त्यांनी आपले उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले, रात्रभर जागरण केले आणि तलवार मरियामातेच्या वेदीपाशी ठेवली. कोणीही बळजबरी केली नव्हती. पुढे आपल्या प्रसिद्ध प्रार्थनेत त्यांनी सर्वप्रथम देवाला वाहिले ते स्वातंत्र्यच. मग स्मरण, बुद्धी आणि इच्छा. बदल्यात मागितली फक्त देवाची प्रीती व कृपा.

जे आपल्या हाती आहे तेच आपण देऊ शकतो. भीतीने दिलेली खंडणी असते, प्रेमाने दिलेले अर्पण. म्हणूनच देव हिसकावून घेत नाही. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशूने त्याला प्रेमाने पाहिले होते, पण हात धरून अडवले नाही.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील हनन्या व सप्पीरा आठवा. शेत त्यांचे होते, पैसाही त्यांचा होता; पेत्राने तसे स्पष्ट सांगितले. काही मागे ठेवले हा त्यांचा अपराध नव्हता. थोडे मागे ठेवून ‘सारे दिले’ असे भासवले, हा होता.

इथेच आपण सापडतो. आपण देवाला रविवार देतो, दानपेटीत पैसे टाकतो, नोव्हेना करतो. पण हृदयातील एका खोलीला कुलूप असते. बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशी दहा वर्षे अबोला आहे. ती खोली आपण देवालाही दाखवत नाही.

ती आज उघडता येत नसेल, तर निदान खोटे बोलू नये. “प्रभो, एवढे अजून माझ्याने सुटत नाही. किल्ली तुझ्या हाती देतो,” असे म्हणावे. संपूर्ण अर्पणाची सुरुवात अशा खरेपणातूनच होते.

आज मिस्साबलिदानात भाकर व द्राक्षारस वेदीकडे नेले जातील, तेव्हा त्यांच्याबरोबर ती एक गोष्ट, नाव घेऊन, मनोमन ठेवू या. जी सोडायला सर्वांत कठीण, तीच. मग काय उरते? देवाची प्रीती उरते. आणि कदाचित घरी जाताना भावाच्या दारावर थाप मारण्याचे धैर्यही.