धुणं आणि फेडणं

आमच्या कुंभिवलीत आषाढात भाताच्या खाचरांत, बांधाच्या कडेला, निळसर-हिरवं बुळबुळीत शेवाळ धरतं. त्यावरून घसरलो की आजी मला सोडून शेवाळालाच शिव्या द्यायची. नाव शेवाळ, पण मुळात हे जिवाणू. हवेतला नत्र धरून ते भाताला पोसतात, हे डे नावाच्या शास्त्रज्ञानं 1939 सालीच दाखवलं होतं. यंदा भाचीनं तेच वाटीभर खरवडून नेलं, सुकवून त्याची पूड केली.

“मामा, चिमूटभर मोरचूद द्या.”

मोरचुदाच्या पाण्यात अमोनियाचे थेंब टाकल्यावर गडद निळाई उमटली. मग मोरचुदाच्या तसल्याच दुसऱ्या पाण्यात, अमोनियाआधी, पूड घोळवून तिनं ते गाळलं आणि पुन्हा थेंब टाकले. निळाई जेमतेम.

मी प्लेटिंगच्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटवर वीस वर्षं काढली. चुना टाकायचा, धातू तळाशी बसवायचा, वरचं नितळ पाणी सोडायचं. गाळाच्या गोण्या तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या डेपोला. वहीत लिहायचो, ‘गाळ रवाना’, आणि माझ्या लेखी विषय संपायचा.

भागवताच्या नवव्या स्कंधात गंगा भगीरथाला विचारते, लोक माझ्यात पाप धुतील, मी ते कुठे धुऊ? तो सांगतो, साधू तुझ्यात नाहतील, त्यांच्या अंगस्पर्शानं तुझं पाप जाईल. खोपोलीच्या वीजघरातून सुटणारं पाणी जिला मिळतं, त्या आमच्या नदीचं नाव पाताळगंगा. तिनं हे विचारलं, तर शेवाळाकडे बोट दाखवावं असं मला त्या क्षणी वाटलं.

भाची म्हणाली, “थांबा मामा.” पेशीच्या भिंतीवर ऋणभाराच्या जागा असतात, तांबं तिथे चिकटतं, पेशी मेलेली असली तरी. तिनं पूड पातळ आम्लानं खळबळली. त्या धुवणात भरपूर अमोनिया घातल्यावर निळाई परत आली. धातू हे मूलद्रव्य. शेवाळानं ते फक्त सांभाळलं होतं, संपवलं नव्हतं.

माझ्या मनात ‘ऋण’ हा शब्द राहिला. मराठीत पाप धुतात आणि पाप फेडतातही. दोन्ही एकच असं मी धरून चाललो होतो. धुताना ते दुसऱ्याच्या पदरात जातं, नदीच्या, साधूच्या, तळोज्याच्या. फेडायचं तर घेतलेलं हातात परत यावं लागतं. वीस वर्षं मी धूत होतो.

थोडं आम्लाचं धुवण उरलं होतं. भाचीनं त्यात लोखंडी खिळा सोडला. संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस पापुद्रा चढला. तो मी नखानं खरवडून पाहिला. तांबंच.

“उरलेलं पाणी कुठे ओतू, मामा?”

मी मोरीकडे पाहिलं आणि बाटलीला झाकण लावलं.