आवाज दाबावा की शोधावा?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले आहेत. हा अवधूत म्हणजे साक्षात श्रीदत्तप्रभू, अशी आपल्या संप्रदायाची श्रद्धा आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी यांच्यापासून कोळी आणि कुंभारमाशीपर्यंत प्रत्येकाकडून त्यांनी काही ना काही घेतलं. या चोविसांत एक कुमारिकाही आहे. घरात वडीलधारं कुणी नसताना तिला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती आत साळ कांडायला बसली, तर हातातली कांकणं वाजायला लागली. घरच्या मुलीवर कांडायची वेळ आहे हे पाहुण्यांना कळेल, या संकोचाने तिने एकेक कांकण कमी केलं. दोन-दोन राहिली तरी आवाज येईच. शेवटी एका हातात एकच ठेवलं, तेव्हा हात गप्प झाले. अवधूताने यातून बोध घेतला की जिथे पुष्कळ तिथे कलह आणि जिथे दोन तिथेही बोलणं. म्हणून एकट्याने राहावं.

संन्याशाला हा उपदेश सरळ लागू पडतो. पण आपण पडलो संसारी माणसं. आपल्या घरात मुलगा-सून, नातवंडं, भाऊबंद, सोयरेधायरे. भांड्याला भांडं लागणारच. इथे कांकण उतरवायचं म्हणजे कुणाला उतरवायचं? बायकोला, भावाला की सुनेला? मग गृहस्थाने या कुमारिकेपासून शिकायचं तरी काय? घरातला खडखडाट तसाच चालू द्यायचा, की कसातरी दाबून टाकायचा?

या प्रश्नाचा नीट विचार करायला मला लावलं ते एका जुन्या पिकअप गाडीने. तिला पंचविसावा गुरू म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण जे पाहिलं ते सांगतो.

माझ्या पुतण्याकडे पंधरा-सोळा वर्षांची पिकअप आहे. रोज पहाटे भाजी भरून ती सांगलीच्या बाजारात जाते आणि उन्हं चढायच्या आत रिकामी परत येते. दत्तजयंतीला मंदिरातल्या महाप्रसादाची मोठी पातेली, तांदळाची पोती, सरपण हे सगळं हिच्यातूनच येतं. गेल्या पावसाळ्यात रस्ते उखडले आणि गाडीत खडखड सुरू झाली. मौज अशी की भरून जाताना गाडी गप्प असायची. रिकामी परत येताना खड्डा लागला रे लागला की खडखड खडखड!

पहिला आळ आला फाळक्यावर. हौद्याच्या मागचा फाळका म्हणजे मुळातच वाजणारी चीज. त्याच्या कड्यांना रबर लावून झालं, साखळीला चिंध्या गुंडाळून झाल्या, शेवटी नवा कोयंडाही बसवला. आवाज जैसे थे. मग सायलेन्सरवर संशय आला, तेही टांगणीचं रबर बदललं. दोन महिने असे गेले. मग पुतण्याने सगळ्यात सोपा उपाय काढला. टेपवर दत्ताची भजनं मोठ्याने लावायची. खडखड ऐकूच यायची नाही.

पुढे गाडी विकायचा विचार निघाला. गिऱ्हाईकही आलं. तेव्हा एका मित्राने त्याला सल्ला दिला, "अरे, पाहायला येतील तेव्हा हौद्यात चार-पाच पोती टाकून ठेव. चक्कर मारली तरी आवाज येणार नाही." सल्ला खोटा नव्हता. गाडी भरली की गप्प होते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण हे ऐकून आमच्या वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि मुलाला एवढंच म्हणाल्या, "पोती टाकून आवाज बंद करशील रे, पण त्या माणसाच्या शेजारी त्याचं लेकरू बसणार असेल तर?" पुतण्या काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेली. मीही सोबत गेलो.

मिस्त्री साठीचे. त्यांनी पाना हातात घेतला नाही. पहिलं वाक्य, "टेप बंद करा." पुतण्या घुटमळला, भजन अर्ध्यावर होतं. मिस्त्री हसले, "देव रागवत नाही. गाडीचं ऐकायचंय ना?"

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. खडखड आहे, खुळखुळ आहे, की टकटक? आपल्या भाषेत आवाजाला किती नावं आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा, हे तेव्हा लक्षात आलं. पातळ पत्रा सैल झाला तर तो झणझणतो, जड लोखंड लोखंडावर आपटलं तर ठोका येतो, सुटी वस्तू खुळखुळते. नंतर, गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवलं तर येतो का? येत असेल तर इंजिनाच्या किंवा सायलेन्सरच्या बाजूला पाहायचं. नुसतं चालतानाच येत असेल तर चाकांच्या, पाट्यांच्या बाजूला. ब्रेकवर हलका पाय ठेवला की थांबतो का? थांबला तर ब्रेकमध्ये काहीतरी सैल आहे. वळणावर वाढतो का? वेगाबरोबर वाढतो की खड्ड्याबरोबर?

त्यानंतर गाडी रिकामी केली. सीटमागचा जॅक, टॉमी, पान्यांची पिशवी, दाराच्या कप्प्यातली चिल्लर, सगळं खाली. स्टेपनी हलवून पाहिली. सायलेन्सर गार झाल्यावर हाताने ठोकून पाहिला. एका वेळी एकच गोष्ट करायची आणि एक चक्कर मारायची, हा त्यांचा नेम. पुतण्या म्हणाला, "चाचा, सगळं एकदमच आवळून टाकू की." ते म्हणाले, "सगळं आवळलंस आणि आवाज गेला, तर कशाने गेला ते कळणार नाही. आणि नाही गेला, तर कुठे शोधायचं तेही कळणार नाही."

शेवटी गाडी उचलली. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही म्हणून घोड्या लावल्या. चेसिस जुनी, सगळीकडे गंज आणि वाळलेला चिखल. त्यात मागच्या पाट्याच्या शॅकलपाशी बोटभर जागा मात्र आरशासारखी चकाकत होती. मिस्त्री म्हणाले, "हे बघा. जिथे घासतं तिथे गंज धरत नाही." टॉमी घालून उचकलं तर पाटा लटलटला. आतला रबरी बुश झिजून गेला होता आणि लोखंडी बोल्ट लोखंडावरच आपटत होता. गाडी भरली की वजनाने तो एका बाजूला दाबून बसायचा, म्हणून आवाज नाही. रिकामी झाली की मोकळा, म्हणून खडखड. आणि आवाज फाळक्यात का वाटायचा? लोखंडातून आवाज हवेच्या मानाने जवळपास १५ पट वेगाने धावतो. तो चेसिसमधून सरळ पुढे-मागे जातो आणि जिथे मोठा पत्रा भेटेल तिथे जाऊन बोलतो. बोल्टही अर्धा खाल्ला गेला होता. असाच झिजत जाऊन तुटला असता तर पाटा जागचा सुटला असता आणि भरधाव गाडी एका बाजूला ओढली गेली असती. एवढ्या धोक्यावर इलाज काय, तर मुठीत मावतील एवढे रबरी बुश आणि एक बोल्ट.

वाचकहो, घरी येताना गाडी शांत होती आणि माझ्या डोक्यात कुमारिकेची कांकणं वाजत होती.

पहिली गोष्ट, जो वाजतो तोच दोषी असं नसतं. बिचारा फाळका दोन महिने बोलणी खात होता. घराघरांत असा एक फाळका असतो. धाकटा मुलगा तिरसट, सून उलट उत्तर देणारी, म्हातारी सासू कटकटी. आवाज त्यांच्या तोंडून येतो म्हणून आपण त्यांनाच चिंध्या गुंडाळत बसतो. पण झिजलेली जागा कदाचित दुसरीकडेच असते. वाटणीच्या वेळी न बोललेला एक शब्द असतो, कुणाच्या आजारपणात न मिळालेला आधार असतो. ती जागा ओळखायची खूण मिस्त्रींनी दाखवलीच आहे. बाकी आठवणींवर गंज चढतो, पण जो विषय निघाला की माणूस वीस वर्षांनीही कालच्यासारखा तापतो, तिथे घासतंय असं समजावं.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या पिकल्या केसांच्या माणसांसाठी. भरलेली गाडी गप्प असते. नोकरी, शेती, मुलांची लग्नं, घराचे हप्ते असं ओझं होतं तोवर मनातलं काहीच वाजलं नाही. आता हौदा रिकामा झाला आणि एवढ्याशा खड्ड्याला खडखड सुरू झाली. पुष्कळांना वाटतं, उतारवयात स्वभावच बिघडला. तसं नाही. बुश केव्हाच झिजला होता, ओझ्याखाली कळलं नाही. मग पुन्हा पोती टाकून घेण्याचा मोह होतो. कसल्या तरी कमिट्या, नसते व्याप, दिवसभर टीव्ही. आवाज थांबतो, पण बोल्ट आतून झिजतच राहतो.

आता जरा नाजूक गोष्ट. टेपवरची भजनं. भक्तीच्या आवाजाखाली आपण घरची खडखड झाकतो का? सकाळी दोन तास पूजा, संध्याकाळी आरती, आणि सख्ख्या भावाशी दहा वर्षं बोलणं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचं, "मी आता महाराजांवर सोपवलंय." हे सोपवणं आहे की टेपचा आवाज वाढवणं, हे ज्याचं त्याने मनाशी विचारावं. नामाचं खरं काम ऐकू न येऊ देणं हे नाही. सप्ताहात गुरुचरित्राच्या पारायणाला बसलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी नको नको ते आठवायला लागतं, हा पुष्कळांचा अनुभव आहे. लोक घाबरतात, मन लागत नाही म्हणतात. मला वाटतं, तेव्हाच पारायण लागू पडायला लागलेलं असतं. बाहेरची चिल्लर खाली उतरली, आता आतलं वाजतंय ते स्पष्ट येतंय. देव रागवत नाही; ऐकून घ्यावं.

राहिला मूळ प्रश्न. गृहस्थाने कांकणं उतरवायची का? मिस्त्रींनी पाटा काढून टाकला नाही. काढला असता तर आवाज कायमचा गेला असता, पण गाडीही गेली असती. त्यांनी सगळं करकचून आवळलंही नाही. पाट्याला हलायला जागा लागतेच. तो जाम झाला तर खड्ड्याचा धक्का थेट चेसिसला बसतो. ढिलेपणा वेगळा आणि मोकळीक वेगळी. वाजतंय म्हणून घरातल्या माणसांना आवळत सुटणारे कर्ते आपण पाहिलेत, आणि त्यांची घरं कुठे तडकली तेही पाहिलंय. मिस्त्रींनी केलं ते इतकंच, की लोखंड आणि लोखंड यांच्या मध्ये नवं रबर घातलं.

संन्याशाने एकच कांकण ठेवावं. संसाऱ्याने सगळी ठेवावीत आणि मध्ये रबर सांभाळावं. हे रबर म्हणजे काय? कडक शब्द तोंडात आला की घोटभर पाणी पिणं, सुनेच्या कामात वारंवार न डोकावणं, मुलाचा निर्णय पटला नाही तरी एकदाच सांगून गप्प राहणं. आणि चूक असेल तिथे वयाने मोठं असूनही आधी फोन उचलणं. दोघांमधला धक्का हेच रबर सोसतं, म्हणून झिजतंही तेच. ते एकदा घातलं म्हणजे जन्माचं झालं असं नाही. दर पावसाळ्यानंतर वाकून पाहावं लागतं.

आणि ज्या घरात वहिनींसारखं एखादं माणूस असतं, जे पोती टाकायच्या आधी "त्याचं लेकरू बसणार असेल तर?" असं विचारतं, त्या घरावर गुरुकृपा आहे असं खुशाल समजावं. पुतण्याने गाडी पुढे विकली की ठेवली, हा नंतरचा भाग. आवाज काय होता आणि काय बदललं, ते गिऱ्हाइकाला त्याने जुना बुश हातात देऊनच दाखवलं.

यंदा मार्गशीर्ष पौर्णिमेला जन्मकाळाचा पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल. त्याआधी एक संध्याकाळ टेप बंद ठेवून बसू या. काय वाजतंय, केव्हा वाजतंय, आणि चकाकतंय कुठे, एवढं पाहू या. बाकी प्रभू समर्थ आहेत.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥