अर्ध्या वाटीचं जेवण

फेब्रुवारी २०१७मध्ये इजिप्तच्या इमान अहमद मुंबईत चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात आल्या, तेव्हा त्यांना क्रेननं उचलून आत न्यावं लागलं. वजन सुमारे ५०० किलो सांगितलं जात होतं. ७ मार्चला जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवलं आणि २५ सप्टेंबरला तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांना आधी पक्षाघात होऊन गेला होता, इतरही आजार होते. त्यामुळे त्यांच्यावरून बाकीच्या रुग्णांबद्दल अनुमान काढणं चूक ठरेल. पण ते दिवस आठवले की एक गोष्ट खटकते. किती किलो उतरले याच्या बातम्या रोज येत होत्या, वजनाच्या आकड्यावरून वादही झाले. ही बाई पुढे जेवणार काय आणि कशी, याची चर्चा क्वचितच कानावर आली.

वजनकाट्यावरची आपली नजर अजून हललेली नाही. ‘पोटाचं ऑपरेशन केलं नि बारीक झाला’, एवढ्यात आपण विषय मिटवतो. स्लीव्ह प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी. भूक चेतवणारं घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून सुरुवातीचे काही महिने भूकही मंदावते. दोन-तीन दिवसांत रुग्ण घरी येतो आणि खरी कसोटी तिथून सुरू होते. आधी डाळीचं गाळलेलं पाणी, ताक, सूप. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ अन्न. नेहमीच्या जेवणापर्यंत यायला दीड-दोन महिने जातात, आणि तेही अर्ध्या-पाऊण वाटीचंच.

त्या अर्ध्या वाटीत काय घालायचं, इथे आपलं स्वयंपाकघर अडतं. आजाऱ्याला पेज, मऊ भात, मेतकूट-तूप ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. या रुग्णाला मात्र दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती कमी पडली की अंगातली ताकद जाते, स्नायू झडतात. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. मऊ भाताच्या वाटीतून जेमतेम दोन-तीन. म्हणून ताटाचा क्रम उलटा करावा लागतो. आधी अंडं, मासा, पनीर किंवा उसळ, मग भाजी आणि जागा उरलीच तर भात. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. ज्या घरात पानाशेजारी तांब्या-भांडं आधी मांडलं जातं, तिथे ही सवय मोडणं सोपं नसतं.

परळच्या एका चाळीत माझ्या नात्यातल्या वहिनींचं शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या महिन्यातलं जेवण मी पाहिलं आहे. लहान वाटीत पापलेटचा काटे काढून कुस्करलेला तुकडा. एक घास घ्यायच्या, चमचा खाली ठेवायच्या, बराच वेळ चावत राहायच्या. पाचव्या-सहाव्या घासाला त्यांनी वाटी बाजूला सारली. सासूबाईंच्या डोळ्यांत काळजी होती. ‘‘अगं, आणखी दोन घास तरी खा. अंगात ताकद कुठून यायची?’’ वहिनींनी ते दोन घास खाल्ले. मिनिटभरात त्यांचा हात छातीच्या खाली गेला, तोंडाला पाणी सुटलं आणि त्या उठून मोरीकडे धावल्या. सासूबाई तशाच बसून राहिल्या, हातातली पळी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

तो आग्रह कुठून येतो हे लालबाग-परळमध्ये वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार बिऱ्हाड गावी ठेवून इथे राहायचा आणि खाणावळीतली बाई त्याला एक चपाती जास्त वाढायची. त्या बायकांच्या कष्टांना पत मिळावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पाळी करून आलेल्या माणसाला ती जास्तीची चपाती लागायचीच. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि नंतर गिरण्याच गेल्या. वाढणाऱ्या हाताची सवय मात्र राहिली. मला ती प्रिय आहे. तिच्यात या वस्तीची सगळी माया आहे. तरीही शस्त्रक्रिया झालेल्या माणसापुढे ती माया आवरायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

‘पानात टाकू नये’ या संस्काराचंही तेच. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबायचं, हा या रुग्णांचा पहिला नियम. आणि लहानपणापासून आपण शिकलो ते पान स्वच्छ करायला. गोडाचा प्रश्न तर भाद्रपदात घरोघरी उभा राहतो. जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्याने मोदक किंवा श्रीखंड नेहमीसारखं खाल्लं तर साखर झपाट्याने आतड्यात उतरते. घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. प्रसाद कणभर घेतला तरी तो प्रसादच असतो.

या शस्त्रक्रियेला ‘शॉर्टकट’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर चुकत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात. बहुधा ते परत येतात, पण आरशासमोर उभ्या असलेल्या बाईला तेव्हा ते पटत नाही. उलट्या सुरूच राहिल्या तर बी-१ कमी पडून नसांना इजा होऊ शकते, म्हणून ‘होईल बरं’ म्हणत घरी बसायचं नाही. शिवाय मन खट्टू झालं की खायची ज्याला सवय होती, त्याचा तो आधारही गेलेला असतो. इतकं सोसणारा माणूस लोकांच्या बोलण्याला भिऊन ‘डाएट केलं’ असं सांगतो आणि मग मदतही मागू शकत नाही.

तुमच्या घरात कुणाची ही शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आहारतज्ज्ञांकडे जाताना रुग्णाबरोबर घरात स्वयंपाक करणाऱ्यालाही घेऊन जा. काय द्यायचं, किती द्यायचं आणि कधी थांबायचं हे त्याच्यासमोर विचारून घ्या. आणि असं कुणी तुमच्याकडे जेवायला आलं, तर लहान वाटी द्या, हवा तेवढा वेळ द्या आणि ‘एवढंच?’ असं विचारू नका.