वहीतले रकाने

माझी भाची लालबागच्या मसाला गल्लीतून मिरच्या आणते, डंकावर कुटून घेते आणि घरगुती मसाले विकते. एप्रिलच्या सुरुवातीला तिने वही माझ्यापुढे ठेवली. "मामा, यातलं रोज काय बघू?" विक्री, नफा, पाकिटं, चौकशीचे फोन, इन्स्टाग्रामचे फॉलोअर असे सतरा रकाने होते. मी एकेकावर बोट ठेवून विचारत गेलो, हा आकडा घसरला तर उद्या सकाळी तू काय बदलशील? तीन-चार रकाने सोडले तर तिच्याकडे उत्तर नव्हतं.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणाईत, होते. त्यांच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, किती वार कापड निघालं ते मोजलं जाई आणि कमी भरलं की बोलणी त्यांनाच. पण कापड कमी भरायचं ते बहुतेक वेळा धागा तुटून. कापूस हलका, खळ नीट न बसलेली, खात्यातली हवा कोरडी. धागा तुटला की साचा थांबणार, गाठ मारून पुन्हा चालू करायचा. धागा किती वेळा तुटला हे मात्र त्यांच्या खात्यात कुणी लिहीत नसे. तेवढं लिहिलं असतं तर दोष कुठून येतो ते कळलं असतं. वारांचा आकडा खरा होता, पण तो भलत्याच माणसाकडे बोट दाखवत होता, आणि ते बोट माझ्या वडिलांवर होतं हे मी अजून विसरलेलो नाही.

मोजमाप हा गिरणगावात जगण्यामरण्याचा प्रश्न होता. ससून गटाच्या गिरण्यांनी एका विणकराकडे दोनाऐवजी तीन साचे द्यायला सुरुवात केली. 1928 साली एप्रिल ते ऑक्टोबर चाललेल्या सार्वत्रिक संपामागे हे एक मोठं कारण होतं. माणशी साचे मोजायला फार सोपे, दारातून नजर टाकली तरी मोजता येतात. पण त्यातून मजुरीतली बचत दिसते. सूत कसं आहे आणि माणूस किती दमला ते दिसत नाही.

याउलट गिरगावातलं उदाहरण घ्या. 15 मार्च 1959 रोजी सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लोहाणा निवासच्या गच्चीवर पापड लाटले, तेच लिज्जत. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. बुडालेले दिवस मोजले की उपाय समोर येतो, तो असा. पुढे लिज्जतच्या भगिनी मळलेलं पीठ घरी नेऊन लाटू लागल्या आणि मजुरी किलोवर ठरली. आपले किलो किती झाले हे लाटणारीला स्वतःला कळतं, हे मला फार मोलाचं वाटतं. अर्थात नुसतं वजन पाहिलं तर जाड, ओलसर पापड फायद्याचा ठरतो आणि नुसते नग मोजले तर लहान. म्हणून तराजूशेजारी पापड हातात घेऊन बघणारं माणूस लागतंच.

भाचीच्या वहीत आम्ही बरीच काटछाट केली. फॉलोअर तिला ठेवायचे होते, महिन्यातून एकदा बघायचं ठरलं. मुख्य रकाना गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांचा: किती जणांनी यंदाही मसाला घेतला? अडचण अशी, की मसाला वर्षाचा भरतात, त्यामुळे हा आकडा एक वर्ष उशिरा येतो. तोवर बिघडलेलं बिघडून गेलेलं असतं. तेव्हा आधीच काही सांगणारा एखादा आकडा हवा होता. तो माझ्या बहिणीने सांगितला. मिरची नीट वाळली नसेल तर पावसाळ्यात मसाल्याला बुरशी धरते, म्हणून प्रत्येक खेपेला मिरचीला किती उन्हं दिली ते लिही.

संध्याकाळी चाळीच्या गच्चीवरून मिरच्या उतरवल्यावर भाचीने नव्या पानावर लिहिलं: खेप पहिली, ब्याडगी पाच किलो, दोन उन्हं. मग एक मिरची मोडून पाहिली. ती वाकली, तुटली नाही. मिरच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्चीवर गेल्या.