नदीचा अधिकार आणि त्यागाची वाटणी

पूर रोखण्यासाठी भिंती उभारण्याऐवजी पूरमैदान, म्हणजे पुराचे पाणी पसरून मंदावते ते नदीकाठचे सखल क्षेत्र, मोकळे राखावे, हा निसर्गाधारित उपाय तत्त्वतः पटणाऱ्यांचीही संमती स्वतःची जमीन गुंतताच डळमळू शकते. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात कृष्णेचे पाणी पादुकांना स्पर्श करून दक्षिणेकडील द्वारातून वाहू लागले की भाविक दक्षिणद्वार सोहळ्याचे स्नान करतात आणि पाणी आणखी चढल्यास उत्सवमूर्ती अन्यत्र हलवली जाते. तेथे जणू देवच नदीला वाट देतो. त्याच खोऱ्यात, सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल अशा पूररेषा बांधकामावर मर्यादा घालतात, तेव्हा नदीचा अधिकार मालकी हक्काशी भिडतो. या विरोधाला केवळ लोभ म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण अल्पभूधारकाचे शेत बुडू देऊन शहर वाचत असेल, तर तो त्याग स्वेच्छेचा न राहता लादलेला असतो. म्हणून नदीला माता मानणाऱ्या समाजाच्या श्रद्धेची कसोटी पूजेत नसून, तिला दिलेल्या जागेची किंमत सर्वांनी मिळून, भरपाईच्या रूपाने, वाटून घेण्यात आहे.