रिकाम्या गाभाऱ्यात नमस्कार कुणाला?



आजचं वाचन: ईशावास्य उपनिषद, पहिला मंत्र.

मंत्र छोटासा आहे, पण तीन गोष्टी सांगतो. या बदलत्या जगात जे जे आहे, ते ईश्वराने व्यापलेलं आहे. त्याचा आनंद घ्यायचा तर त्यागाने घ्यावा. आणि जे आपलं नाही, त्याचा लोभ नको. सध्या घरी हंपीच्या प्रवासाची आखणी चालू आहे, त्यामुळे वाचताना सारखं तेच शहर डोळ्यांसमोर येत होतं.

हंपी म्हणजे विजयनगरची राजधानी. १३३६ मध्ये तुंगभद्रेकाठी वसलेली. १५२० च्या सुमारास आलेल्या डोमिंगो पायश या पोर्तुगीज प्रवाशाला ती रोमएवढी मोठी वाटली होती. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत हार झाली, राजधानी लुटली गेली आणि ते वैभव पुन्हा उभं राहिलं नाही. आज आपण बघायला जातो ते तिचे अवशेष.

माझ्या एक्सेल शीटमध्ये सगळं होतं. होस्पेटपर्यंत रेल्वे, पुढे सुमारे १३ किलोमीटर रिक्षा, पहिला दिवस विरूपाक्ष, दुसरा दिवस विठ्ठल मंदिर. आईने शीट पाहून विचारलं, "तिथे विठ्ठलाची पूजा कोण करतं रे?" म्हटलं, "आई, त्या गाभाऱ्यात आता मूर्तीच नाहीये." "मग मी नमस्कार कुणाला करू?"

गुडघ्यांमुळे आईला वर्षातून एकच मोठा प्रवास झेपतो. तो रिकाम्या गाभाऱ्यासाठी का खर्च करायचा, हा तिचा प्रश्न अगदी रास्त आहे.

"देव सगळीकडे आहे, तिथेही आहे" हे उत्तर ओठावर लगेच येतं. पण देव सगळीकडे असेल, तर घरच्या गॅलरीतूनही नमस्कार करता येईल. हंपीला कशाला जायचं? इतक्या स्वस्तात मंत्राचा अर्थ लागत नाही.

मग मी वेगळा विचार केला. त्या शहरातून टिकलं काय? राजवाड्याचं फक्त जोतं उरलंय. विरूपाक्षाची पूजा मात्र आजही रोज होते. विठ्ठल मंदिराजवळ, नदीकाठी पुरंदरदासांच्या नावाचा मंडप आहे. परंपरेनुसार पुरंदरदास १५६४ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी शहर पडलं. त्यांची पदं मात्र कर्नाटकात आजही घरोघरी गातात. आणि आपली वारकरी परंपरा सांगते की कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती विजयनगरला नेली होती, ती एकनाथ महाराजांचे पणजोबा संत भानुदास यांनी परत आणली.

आमच्या कामात एक साधा नियम असतो: सर्व्हर कधीतरी बंद पडणारच, हे धरूनच सिस्टिम बांधायची. जे एकाच ठिकाणी ठेवलंय, ते त्या ठिकाणाबरोबर जातं. विजयनगरचं वैभव एका जागी होतं. नाम हजारो तोंडांत होतं, म्हणून ते वाचलं.

आता मंत्राचा दुसरा आणि तिसरा भाग. विठ्ठल मंदिरात ५६ खांब आहेत, त्यांवर टिचकी मारली की सूर उमटतात. आता त्यांना हात लावायला मनाई आहे, कारण वाजवून वाजवून खांब झिजायला लागले. तिथे उभं राहून बोटं आवरणं, हा मला त्यागाने आनंद घेण्याचा अगदी सोपा धडा वाटतो. लोभ फक्त वस्तूचा नसतो. अवशेष बघताना "आम्ही किती थोर होतो" हा गर्व येतो, पाठोपाठ "कुणी पाडलं" हा राग येतो. इतिहास नीट समजून घ्यायलाच हवा. पण गर्व काय नि राग काय, दोन्हींत "हे माझं" असा दावा लपलेला असतो. न मी ते बांधलं, न मी ते गमावलं. हा दावा खाली ठेवला, तरच हात जोडायला मोकळे होतात.

मग आईला मी एवढंच म्हटलं, "त्या गाभाऱ्यात कितीतरी वर्षं कुणीतरी रोज पाणी भरलं, फुलं वाहिली, दिवा लावला. त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. नमस्कार त्यांना कर, आणि ज्याच्यासाठी त्यांनी केलं, त्याला."

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी हंपी करू. येताना पंढरपूर. भानुदास महाराज आले तसे." शीटमध्ये एक दिवस वाढवलाय. गुडघ्यांचं बघू, पांडुरंग आहे.

आजचा संकल्प: आपल्या साधनेतली कुठली गोष्ट देवघर, फोटो, ॲप काहीच नसलं तरी चालू राहील? अशी एक गोष्ट शोधूया. सापडली नाही, तर आजपासून एक सुरू करूया. रोज पाच मिनिटं नामस्मरण, तेही पुरे.

जय हरी!