पुरावा आणि शेजारधर्म

येशू ख्रिस्ताची कबर सापडली, अशा आशयाचे वृत्त गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या रूपांनी पुनःपुन्हा आपल्यापर्यंत येत राहिले आहे. ज्यांना एरवी उत्खननशास्त्राविषयी विशेष आस्था नसते असे गृहस्थही ते उत्साहाने पुढे पाठवितात, आणि ज्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या रविवारच्या उपासनेला जात आले आहे असा आपलाच शेजारी ते मुकाट्याने वाचतो. हा शेजारी आपल्याला परका नाही: अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरात ठाणे मांडले, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी भक्तिपरंपरेच्या वाणीत ख्रिस्त गायिला तो याच जिल्ह्यात. हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात सर्व धर्मांची माणसे लोटतात. तेव्हा कबर जेरुसलेमची असली, तरी तिच्या निमित्ताने कसोटीला लागते ती आपली वागणूक.

ज्या शोधाचा एवढा गाजावाजा झाला त्याची हकीकत अशी. १९८० मध्ये जेरुसलेमच्या दक्षिणेस तलपियोत येथे इमारतींच्या बांधकामासाठी खोदकाम चालू असता, खडकात कोरलेले एक थडगे उघडकीस आले. प्रेत गुहेत ठेवावे आणि वर्षभराने उरलेल्या अस्थी चुनखडीच्या पेटीत भराव्या, अशी रीत त्या काळच्या ज्यू समाजात होती. तशा दहा पेट्या तेथे निघाल्या. त्यांपैकी सहांवर नावे होती, आणि त्यांत ‘येशुआ, योसेफाचा पुत्र’, ‘मारिया’, ‘येशुआचा पुत्र यहूदा’ अशी नावे वाचण्यात आली. पुरातत्त्वज्ञ आमोस क्लोनर यांनी १९९६ मध्ये या थडग्याचा अहवाल प्रसिद्ध केला तेव्हा जगात खळबळ उडाली नाही. २००७ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांनी निर्मिलेल्या माहितीपटाने मात्र हे थडगे ख्रिस्ताच्या कुटुंबाचे म्हणून पुढे मांडले. येशुआ हे नाव पेटीवर इतके ओबडधोबड खरडलेले आहे की, त्याच्या वाचनाविषयीच विद्वानांत एकमत नाही. दोन पेट्यांतील अवशेषांच्या जनुकपरीक्षेतून निष्पन्न झाले ते इतकेच की, त्या दोन व्यक्तींत मातृपक्षाकडून नाते नव्हते; तेवढ्यावरून ती दोघे पतिपत्नी असावीत असे अनुमान करण्यात आले. शिवाय ही नावे त्या काळी घरोघर आढळणारी होती. आपल्या तालुक्याच्या दप्तरखान्यातील एखाद्या जीर्ण खातेवहीत ज्ञानेश्वर नावाचा इसम, बापाचे नाव विठ्ठल, घरात मुक्ता नावाची स्त्री, अशी नोंद आढळली, तर ते घर आळंदीच्या माउलींचे होते असा दाखला कोणताही जाणता कुळकर्णी देणार नाही.

परंतु पुराव्याच्या बाबतीतील उतावळेपणा एकाच पक्षाच्या वाट्याला आलेला नाही. २००२ मध्ये ‘याकोब, योसेफाचा पुत्र, येशूचा भाऊ’ असा लेख असलेली एक अस्थिपेटी जगापुढे आली, तेव्हा अनेक श्रद्धावंतांना आपल्या धर्मग्रंथाला जणू दगडी साक्षीदार लाभल्याचा आनंद झाला. ती पेटी कोणत्याही उत्खननातून निघालेली नव्हती. ती एका संग्राहकाच्या कबजात होती. इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने तो लेख बनावट ठरविला, संग्राहकावर खटला चालला, आणि २०१२ मध्ये बनावटीच्या आरोपातून त्याची सुटका झाली. निकाल देताना न्यायाधीशांनी बजावले की, आरोप शाबीत झाला नाही याचा अर्थ लेख अस्सल ठरला असा होत नाही. तो निकाल प्रत्येक श्रद्धावंताने आणि प्रत्येक शंकेखोराने मनात जपून ठेवण्याजोगा आहे.

वस्तू कोठे, कोणत्या थरात, कोणाच्या देखत सापडली याला किती मोल असते हे समजण्यास जेरुसलेमला जावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील दायमाबाद पुरेसे आहे. १९७४ मध्ये तेथे झाडाची मुळे खणताना एका भिल्ल शेतकऱ्याच्या हाती चार ब्राँझशिल्पे लागली: हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जुंपलेला, सारथी उभा असलेला, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ. साठ किलोंहून अधिक वजनाचे हे वैभव शास्त्रशुद्ध उत्खननाच्या थरांतून हाती आले नाही, म्हणून त्याच्या काळाविषयी तज्ज्ञांत वाद उपस्थित झाला. जो संशय आपल्या अभिमानाच्या वस्तूलाही चुकला नाही, तो दुसऱ्याच्या श्रद्धेविरुद्ध आणलेल्या वस्तूला का माफ असावा?

मराठीतही या विषयाचे एक जुने प्रकरण आहे. बाबाराव सावरकरांच्या ‘ख्रिस्तपरिचय’ या १९४६ च्या ग्रंथात ख्रिस्त जन्माने तामिळ हिंदू होता आणि त्याचा अखेरचा काळ काश्मिरात गेला, असे प्रतिपादन आहे. काश्मीर-लडाखकडे बोट दाखविणाऱ्या अशा कथांना पूर्वी बळ मिळाले होते ते नोटोविच या रशियन प्रवाशाकडून. हेमिसच्या मठात आपण ख्रिस्तचरित्राची पोथी ऐकली, असे त्याने १८९४ मध्ये लिहिले. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस त्या मठात गेले, तेव्हा मुख्य लामांनी अशी पोथी असल्याचे साफ नाकारले. डग्लस यांनी केले तेच खरे विद्येचे काम: संतापही नाही, जल्लोषही नाही, जागेवर जाऊन जबानी घेणे.

कोपरगावच्या माणसाला तर हे विशेष उमजावयास हवे. गोदाकाठच्या बेटावर शुक्राचार्यांचा आश्रम होता आणि मेलेल्या कचाला संजीवनी विद्येने तेथेच पुन्हा जीवन मिळाले, असे आपण परंपरेने मानीत आलो. येथील एका सहकारी साखर कारखान्यानेही ‘संजीवनी’ हेच नाव धारण केले. उद्या कोणी बेटावर सापडलेला एखादा दगड पुढे करून ही श्रद्धा खोटी ठरविण्यास आला, तर आपण त्याला प्रथम पुरावा विचारू, आणि पुराव्याने दगडाचे वय ठरले तरी कथेचे सत्य त्याने मोजता येत नाही, असेही सांगू. पुनरुत्थानावर विसंबलेल्या शेजाऱ्यालाही नेमका हाच अधिकार आहे. त्यानेही बंदीची मागणी न करता शांतपणे पुरावा मागावा, आणि आपल्या बाजूने बोलणारी वस्तूही त्याच तराजूत घालावी.

म्हणून असे वृत्त हाती आले असता ती वस्तू कोठे सापडली, कोणी बाहेर काढली, मध्यंतरी कोणाच्या कबजात होती, आणि एवढाच पुरावा माझ्या दैवताविरुद्ध आणला गेला असता तर मी तो पुरेसा मानला असता काय, हे आपल्या मनाशी विचारावे, आणि प्रामाणिक उत्तर मिळेपर्यंत ते वृत्त पुढे पाठवू नये. इतका संयम आपण विद्येचेही देणे लागतो आणि शेजारधर्माचेही.